अठरा तारखेच्या आत प्राप्त

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर बारा वर्षांहून थोडा जास्त. माणसाचं बारा वर्षांचं पोर सातवीत असतं, पण आम्हां शिक्क्यांचं बारा वर्षांत सगळं आयुष्य आटोपतं. माझ्या पोटात दिवस, महिना आणि साल असे तीन रबरी पट्टे आहेत. सालाच्या पट्ट्यावर बाराच सालं कोरलेली आहेत, दोन हजार तेरा ते दोन हजार चोवीस. त्यानंतर एक रिकामी जागा येते आणि मग पट्टा फिरून पुन्हा तेरावर येतो. ही रिकामी जागा कशासाठी ठेवली असेल, हे मला फार वर्षं कळलं नव्हतं. ते कसं कळलं हेच आज सांगणार आहे. ऐका मित्रांनो, आणि ऐकता ऐकता आपल्या घरातल्या कागदांवर कोणत्या तारखा आहेत तेही आठवून बघा.

माझा जन्म दिल्लीच्या नई सडकेवरच्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. चष्म्याला दोरा बांधलेल्या एका कारागिराने माझे पट्टे चढवले, चाकांना तेलाचा थेंब दिला आणि माझ्या कपाळावर ‘प्राप्त’ हा शब्द चिकटवला. प्रत्येक नवा शिक्का तो आपल्या मुलीच्या वाढदिवसाची तारीख उठवून तपासायचा. माझ्या आयुष्यातली पहिली तारीख ती. ती इतकी स्वच्छ उठली की त्याने तो कागद फेकला नाही, खिळ्याला लावून ठेवला. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे. असू दे, काम चोख असेल तर थोडा गर्व शोभतो.

तिथून मी एका मंत्रालयाच्या तळमजल्यावर आलो. तिथे आवक-जावक विभागाची खिडकी होती आणि खिडकीमागे हरिदासजी बसत. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात यायचा. ते माझा ठसा उमटवत, डायरीत नंबर लिहीत आणि मग तो कागद वरच्या मजल्यावर जायचा. रोज सकाळी चहा पिण्याआधी ते माझं दिवसाचं चाक एक घर पुढे सरकवत. कधी विसरले नाहीत. साहेब बदलत, खुर्च्या बदलत, भिंतींचा रंग बदले, पण मी उठवलेल्या तारखेवर खाडाखोड करायची हिंमत कुणाची झाली नाही.

एक दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. दोन हजार सोळाचा मार्च महिना, संध्याकाळचे पाच वाजायला आले होते. नोकरीत असतानाच वारलेल्या एका कर्मचाऱ्याची पत्नी खिडकीशी आली. मुलाची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत सरकारी घर ठेवू द्यावं, असा तिचा अर्ज होता. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता आणि तिच्याकडे एक दाखला कमी होता. ती म्हणाली, “दाखला परवा मिळेल. मग सगळं एकदम आणून देऊ का?”

हरिदासजींनी तिच्या हातातून कागद जवळजवळ ओढूनच घेतला. “मैडम, काग़ज़ बाद में आ जाएगा. तारीख़ बाद में नहीं आएगी,” ते म्हणाले आणि मला शाईच्या पेटीवर टेकवून त्यांनी ठप्प असा ठसा मारला.

वरच्या मजल्यावर एक तरुण असिस्टंट होता. नवा, हुशार आणि नियमांचा भोक्ता. त्याने त्या अर्जावर लिहिलं, “अपूर्ण. परत करावा.” त्याच्या साहेबांनी तो शेरा खोडला आणि माझ्या ठशाभोवती लाल पेनाने गोल काढला. खाली लिहिलं, “मुदतीत आला आहे. दाखला मागवून घ्या.” त्या बाईंचं घर राहिलं. मुलगा परीक्षेला त्याच घरातून गेला. त्या तरुण असिस्टंटचं नाव उल्हास. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याच्याच घरातली आहे.

पुढे मंत्रालयात कागद येणंच कमी झालं. सगळं कॉम्प्युटरवर येऊ लागलं आणि कॉम्प्युटर आपली तारीख आपणच टाकतो. हरिदासजी निवृत्त झाले. मी आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा उठू लागलो. दोन हजार चोवीस संपलं तेव्हा माझी सालं संपली. मोडीत काढायच्या वस्तूंच्या यादीत दोन फुटक्या ट्रे आणि एका पंख्याच्या शेजारी माझं नाव लागलं. खात्याचं नाव असलेली पट्टी काढून घेण्यात आली. ‘प्राप्त’ एवढा एक शब्द तेवढा माझ्याजवळ उरला.

उल्हास तोवर सेक्शन ऑफिसर झाला होता. त्याने मला यादीतून मागून घेतलं. रीतसर अर्ज केला, मंजुरी घेतली आणि बाहेर पडताना दारावर गेटपाससुद्धा दाखवला. तीन इंचांच्या मोडक्या शिक्क्यासाठी गेटपास बघून पहारेकरी हसला. उल्हास हसला नाही. नियमाच्या बाबतीत तो कधीच हसत नाही.

अशा रीतीने मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात, सातव्या मजल्यावर राहायला आलो. घरात उल्हास, त्याची बायको विजयालक्ष्मी आणि दहा वर्षांची मुलगी मैत्रेयी. पहिले काही महिने मी एका खणात होतो, संपलेल्या बॅटऱ्या आणि कुठल्याच कुलुपाच्या नसलेल्या किल्ल्यांच्या संगतीत. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार खट्टू होतो. ज्याच्या शब्दावर मंत्रालय चालायचं त्याला आता वेळच कळत नव्हती.

मग सप्टेंबरच्या वीस तारखेला मॉरिशसहून दोन पाहुण्या आल्या. सुहासिनीताई आणि त्यांची मुलगी देविका. सुहासिनीताईंचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे गेले. त्यांनी तिथल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. विजयालक्ष्मी दिल्लीत रविवारी मुलांना मराठी शिकवते. दोघींची ओळख पत्रांतून झाली आणि पत्रं वाढत वाढत मैत्री झाली. सुहासिनीताईंच्या मणक्याचं ऑपरेशन गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलात ठरलं, तेव्हा विजयालक्ष्मीने त्यांना हॉटेलात उतरूच दिलं नाही.

दोघींना साठ दिवसांचा व्हिसा होता. आईला उपचारासाठी आणि मुलीला सोबतीसाठी. साठावा दिवस अठरा नोव्हेंबरला येत होता.

ऑपरेशन चांगलं झालं. पण पाय जणू चालणं विसरले होते. घरी आल्यावर रोज सकाळी एक फिजिओथेरपिस्ट येई आणि सुहासिनीताई वॉकर धरून उभ्या राहत. एकदा मैत्रेयी खणात किल्ली शोधत होती, तेव्हा तिच्या हाताला मी लागलो.

“बाबा, हे काय आहे?”

“तारखेचा शिक्का. सांभाळून, सरकारी आहे. म्हणजे, होता.”

मैत्रेयीने माझी चाकं गरगर फिरवली आणि एक नवी वही काढली. “आजी, तुम्ही रोज जितकी पावलं चालाल तितकी मी यात लिहिणार. वर तारीख मारणार. एकदम ऑफिशियल.” सालाच्या पट्ट्यावर पंचवीस सापडेना, म्हणून तिने माझी रिकामी जागा पुढे आणली, ठसा उमटवला आणि तिथे पेनाने ‘२०२५’ असं लिहिलं. खाली सुहासिनीताईंनी मास्तरीणबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दोन पावले’.

मित्रांनो, लाखभर कागदांवर मी उमटलो असेन. पण ‘प्राप्त’ या शब्दाखाली कुणाची पावलं लिहिली गेली ती पहिल्यांदाच. दोनाची चार झाली, चाराची सात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरा झाली. अकरा पावलं म्हणजे पलंगापासून खिडकीपर्यंत. त्या दिवशी सुहासिनीताईंनी खिडकीतून खाली चाललेल्या गाड्या बघितल्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अजून तीन महिने व्यायाम हवा आणि तोवर सात-आठ तास विमानात बसायचं नाही. म्हणजे व्हिसाची मुदत वाढवून घ्यायला हवी होती. अर्ज घरबसल्या, कॉम्प्युटरवरून करता येणार होता. ही जबाबदारी उल्हासने आपण होऊन घेतली. ज्या माणसाने दहा वर्षं फाइली हलवल्या त्याला हे काय कठीण?

त्याने एक फाइल उघडली. वर विषय लिहिला, डाव्या बाजूला टिपणं, उजव्या बाजूला कागद. पासपोर्टच्या प्रती, फोटो, घराच्या पत्त्याचं पत्र, हॉस्पिटलचं पहिलं पत्र, सगळं क्रमांक टाकून, टॅग लावून. फक्त एक कागद राहिला होता. पहिल्या पत्रात ‘उपचार चालू आहेत’ एवढंच होतं, कुठवर चालतील याची तारीख नव्हती. ती तारीख घातलेलं नवं पत्र डॉक्टर देणार होते, पण ते परदेशी गेले होते आणि दहा तारखेला येणार होते.

“येऊ देत,” उल्हास म्हणाला. “अपुरी फाइल मी आजवर वर पाठवलेली नाही. एकदाच पाठवायची, पण अशी की कुणी एकही प्रश्न काढता कामा नये.”

मी टेबलावरून बघत होतो आणि मनातून चरफडत होतो. वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांचं हे असंच असतं. त्यांच्यापुढे कागद येतो तो पूर्ण होऊन, शिक्का लागून, नंबर पडून. तो खिडकीत कसा येतो, किती धावत येतो, हे त्यांनी कुठे बघितलेलं असतं? पण आम्हां शिक्क्यांना शाईशिवाय बोलता येत नाही.

डॉक्टर दहाला आले नाहीत. मग पंधरा तारीख कळली. पंधराला हॉस्पिटलातून फोन आला की ते वीसला येतील.

सोळा तारखेचा रविवार उजाडला. विजयालक्ष्मीचा वर्ग आटोपला होता आणि दुपारचं जेवण कुणाला धड गेलं नव्हतं. टेबलाशी उल्हास, देविका आणि ती देखणी फाइल.

“अरे, इतकं टेन्शन घेऊ नका,” उल्हास म्हणाला. “एकवीसला अर्ज करू. उशिराचं कारण लिहून सोबत जोडू. कारण खरं असेल तर विलंब माफ होतो. मी स्वतः कितीतरी माफ केलेत.”

“काका, हे ऑफिससारखं नाही,” देविका हळू म्हणाली. तिचं मराठी सावकाश चालतं, पण नेमकं असतं. “अठरानंतर एक दिवस जरी राहिलो तरी ते आमच्या नावावर लागेल. पुढच्या वर्षी आईला तपासणीसाठी परत यायचंय. तेव्हा व्हिसा मिळाला नाही तर? मी उद्याचं तिकीट बघते.”

“आणि आईंना बसवणार कशा विमानात?” विजयालक्ष्मीने विचारलं.

आतल्या खोलीतून सुहासिनीताईंचा आवाज आला. “विजयालक्ष्मी, माझ्या सामानात ती वहीपण ठेव बरं का.” त्यांनी सगळं ऐकलं होतं. चालायला शिकणं अर्धं सोडून निघायची त्यांनी तयारी केली होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं. मैत्रेयीने मला मुठीत घट्ट धरलं होतं.

इतक्यात दारावरची घंटी वाजली. हरिदासजी आले होते. थंडी सुरू झाली की मयूर विहारहून मेट्रोने ते एकदा येतातच, हातात तिळाच्या गजकचा डबा घेऊन. आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि त्यांची नजर मैत्रेयीच्या मुठीवर गेली.

“अरे, ये तो मेरा है,” ते म्हणाले.

मैत्रेयीने मला त्यांच्या हातात दिलं. मित्रांनो, त्या तळहातावरचा घट्टा मीच पाडलेला. त्यांनी अंगठ्याने माझं दिवसाचं चाक चाचपलं, सोळावर बरोबर आहे हे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले.

“क्या बात है साहब, घर में सब ठीक?”

उल्हासने फाइल पुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. हरिदासजींनी पानं उलटली. काम बघून त्यांनी मनापासून तारीफ केली. मग विचारलं, “बहुत बढ़िया. अर्ज़ी डाल दी?”

“पूरी होने दीजिए हरिदासजी. डॉक्टर का लेटर आ जाए, फिर एक साथ...”

“डॉक्टर का कोई लेटर नहीं है?”

“है, पर उसमें तारीख़ नहीं है.”

हरिदासजींनी चष्मा काढला. “साहब, वो मैडम याद हैं आपको? बेटे का बोर्ड था. पाँच बजे आई थीं.”

उल्हासचे कान लाल झाले. मला ठाऊक होतं की त्याला तो लाल गोल आठवतोय, स्वतःच्या खोडलेल्या शेऱ्याशेजारचा. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“काग़ज़ बाद में आ जाएगा,” मग तोच म्हणाला.

“बस,” हरिदासजी म्हणाले. “जो है वो डाल दीजिए. जो नहीं है, वो साफ़ लिख दीजिए कि बीस को मिलेगा. पूछेंगे तो दे देंगे.”

उल्हास देविकाकडे वळला. “देविका, चूक माझी झाली. मी फाइल नीट लावत बसलो आणि खिडकी बंद होत आली तरी मला कळलं नाही. लॅपटॉप आण.”

पुढचा दीड तास त्या टेबलावर जे चाललं ते बघून मला माझी जुनी खिडकी आठवली. देविका माहिती भरत होती, उल्हास एकेक कागद स्कॅन करून देत होता. अर्ज दोन होते, आईचा आणि मुलीचा. एक फोटो मोठा निघाला, तो विजयालक्ष्मीने लहान करून दिला. पहिलं पत्र जोडलं. सोबत उल्हासने चार ओळींचा खुलासा लिहिला. चार ओळींत काही लिहिण्याची त्याच्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच वेळ. सहा वाजायच्या आत दोन्ही अर्ज गेले आणि पडद्यावर पोच आली, नंबर आणि तारखेसकट. सोळा नोव्हेंबर. मुदतीच्या आत अर्ज गेला, म्हणजे निर्णय येईपर्यंत राहायला आता हरकत नव्हती.

देविकाने पोच छापली आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. हरिदासजींना राहवलं नाही. त्यांनी मला शाईवर टेकवलं आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात ठसा मारला. गरज नव्हती. पण काही कामं हाताच्या समाधानासाठी करायची असतात. मैत्रेयीने साल लिहिलं.

चारच दिवसांत व्हिसा कार्यालयाकडून निरोप आला की उपचार कुठवर चालतील याची तारीख असलेलं पत्र जोडावं. हरिदासजी म्हणाले होते अगदी तसंच झालं. वीसला डॉक्टर आले. देविका पावलांची वही सोबत घेऊन गेली होती. परत आल्यावर तिने सांगितलं की डॉक्टरांनी पान न् पान वाचलं, रोजची तारीख आणि रोजची पावलं. म्हणाले की याच्याहून चांगला अहवाल मला कुणी आणून दिलेला नाही, आणि तिथल्या तिथे तीन महिन्यांची तारीख घालून पत्र दिलं. ते जोडलं. डिसेंबर लागला आणि दोघींना अठरा फेब्रुवारीपर्यंतची मुदतवाढ मिळाली.

मैत्रेयीने विचारलं, “आई, मुदत म्हणजे एक्झॅक्टली काय?”

“व्हॅलिडिटी गं,” विजयालक्ष्मी म्हणाली.

“नाही बाळ,” सुहासिनीताई पलंगावरून म्हणाल्या. “मुदत म्हणजे आपल्याला दिलेला वेळ. तो संपायच्या आत मागावं लागतं, तर मिळतो.”

त्या दिवसापासून उल्हासने भिंतीवर एक कागद लावला. घरातल्या सगळ्या तारखा त्यावर आहेत. पासपोर्ट, गॅसची नळी, मैत्रेयीचा बसपास, गाडीचा विमा. प्रत्येक तारखेच्या दोन महिने आधी एक लाल गोल. तो गोल कुठून आला ते तुम्हांला आता ठाऊक आहे.

फेब्रुवारीच्या चौदा तारखेला पाहुण्या निघाल्या. मुदत संपायला चार दिवस शिल्लक होते. बॅगा दाराशी लागल्या, खाली टॅक्सी आली. सुहासिनीताई सोफ्यावरून उठल्या. वॉकर कोपऱ्यात होता, काठीही होती. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं नाही. त्या टेबलापर्यंत चालत आल्या. घरात कुणी हललं नाही, मैत्रेयी ओठांतल्या ओठांत मोजत होती. सतरा.

त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि मला स्वतःच्या हातात घेतलं. दिवसाचं चाक चौदावर होतं. त्यांनी महिना बघितला, सालाची रिकामी जागा बघितली आणि ठसा उमटवला. प्राप्त, चौदा फेब्रुवारी. मग पेन घेतलं आणि त्या रिकाम्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘२०२६’. खाली पावलं लिहायची सोडून त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘चालले’.

“उल्हासराव,” त्या म्हणाल्या, “हा शिक्का टाकू नका. याची मुदत अजून आहे.”

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी रिकामी जागा कळली. कारागिराने बारा सालं कोरली, पुढचं त्याने माणसांवर सोडलं. कुणी वेळेवर पेन टेकवलं तर माझं साल पुढे जातं, नाहीतर मी फिरून पुन्हा तेरावर येतो. तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात एखादा कागद आपली तारीख धरून गप्प पडला असेल. त्याला ओरडता येत नाही. आज त्याला बाहेर काढा, तारीख वाचा आणि जे हाताशी आहे ते घेऊन खिडकीशी जा. सगळं जमून येण्याची वाट बघू नका.

मी आता खणात राहत नाही. टेबलावर राहतो, शाईच्या पेटीशेजारी. आज सकाळी दूध प्यायच्या आधी मैत्रेयीने माझं चाक एक घर पुढे सरकवलं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ठसा मारला, साल लिहिलं आणि मॉरिशसला फोन लावला. “आजी, आज किती?” तिने विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते ऐकून ती मोठ्याने हसली, आणि माझ्या तारखेखाली तिने लिहिलं, ‘समुद्रापर्यंत’.